दुसरी सुपारी मिळावी म्हणून

आमच्या बँडचा पहिला कार्यक्रम शहरातल्या एका रूफटॉप हॉटेलात होता. लिफ्ट पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली, म्हणून कीबोर्ड, पंधरा इंची दोन स्पीकर आणि अख्खा ड्रमसेट आम्ही चार मजले जिन्याने चढवला. साउंडचेकला वेळच उरला नाही. साडेनऊला पहिलं गाणं सुरू झालं आणि समोरच्या टेबलावरच्या आजींनी कानात बोटं घातली. दहाला पाच कमी असताना मॅनेजर धावत आला, "बंद करा, खाली पोलिसांची गाडी उभी आहे." ठरलेल्या रकमेतली निम्मीच हातात पडली, तीसुद्धा चार शनिवार खेटे घातल्यावर. त्या हॉटेलाचा फोन नंतर कधी आला नाही.

गंमत म्हणजे त्या रात्री आम्ही बेसूर नव्हतो. जे बिघडलं ते सगळं गाण्याबाहेरचं होतं, आणि त्यातली एकही गोष्ट अशी नव्हती की जी दुपारी चहा पिताना बोलून घेता आली नसती. त्यानंतरच्या वर्षांत छत्रपती संभाजीनगरात, जालना रोडपासून बीड बायपासपर्यंत, जे काही ठेचा खात शिकलो ते नव्या पोरांसाठी इथे मांडतो आहे.

आधी धंदा कोणाचा ते ओळखा

हॉटेलवाला स्वतःच्या जागेला पब म्हणो, लाउंज म्हणो की आणखी काही, सरकारदरबारी ती बहुधा परमिट रूम असते आणि तिचा धंदा खाण्यापिण्याचा असतो. तुम्हाला बोलावलंय ते टेबल आणखी तासभर बसावं, दुसरी ऑर्डर जावी आणि पुढच्या आठवड्यात तीच मंडळी मित्रांना घेऊन यावीत म्हणून. नाट्यगृहातला श्रोता तिकीट काढून तुमच्यासाठी आलेला असतो. इथला माणूस बटर चिकनसाठी आलाय, गाणं त्याला सोबत मिळालंय. हे एकदा मनाला पटलं की आवाज किती ठेवायचा, कोणतं गाणं कधी घ्यायचं, वेटरला वाट का सोडायची, हे वेगळं शिकवावं लागत नाही.

सुपारी तोंडी घेऊ नका

सुपारी म्हटलं की आता लोकांना गुंड आठवतात, पण हा शब्द कलावंतांचा आहे. पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावात जत्रांच्या हंगामाच्या तोंडावर तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावची मंडळी तिथे येतात, तारीख आणि रक्कम ठरते, इसार दिला जातो आणि मग सुपारी पक्की होते. इंग्रजी गाणी वाजवणारे, इंजिनिअरिंग शिकलेले आपण मात्र "चालेल ना सर, बघून घेऊ" म्हणून फोन ठेवतो. फडमालकाचा शहाणपणा आपल्याकडे नसतो.

वकिली करारनामा लागत नाही. व्हॉट्सॲपवर एक मुद्देसूद संदेश टाकायचा आणि समोरून "मान्य" असं उत्तर घ्यायचं. त्यात एवढं तरी असू द्या:

- तारीख, पोहोचण्याची, साउंडचेकची आणि वाजवण्याची वेळ. किती मिनिटांचे किती सेट, मध्ये किती विश्रांती.
- एकूण बिदागी, आगाऊ किती, उरलेली कधी आणि कशी, रोख की यूपीआय.
- स्पीकर, मिक्सर, माइक कोणाचे. भाडं कोण देणार.
- जेवण कितीजणांचं, आणि ते मेन्यूतलं की स्टाफचं.
- पोलिसांची, ध्वनिक्षेपकाची आणि गाण्यांच्या हक्कांची परवानगी कोणाकडे.
- पाऊस, वीज, ड्राय डे किंवा पोलिसांमुळे कार्यक्रम रद्द झाला किंवा अर्ध्यात थांबला तर किती पैसे.

शेवटचा मुद्दा लिहायला संकोच वाटतो, आणि भांडण नेमकं त्यावरूनच होतं. आमच्या पहिल्या रात्री मॅनेजरचं म्हणणं होतं, अर्धाच वेळ वाजवलंत तर पैसेही अर्धेच. आमचं म्हणणं, परवानगी तुमच्याकडे नव्हती, आम्ही तर वाजवायला तयार होतो. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर होतं, कारण कोणीच काही लिहिलं नव्हतं. आता आम्ही सरळ लिहितो: साउंडचेक झाल्यानंतर आमच्या चुकीशिवाय कार्यक्रम थांबला तर पूर्ण बिदागी.

तारीख देताना भिंतीवरचं कॅलेंडर बघा. गटारीच्या आसपास आणि 31 डिसेंबरला तुम्हाला चार ठिकाणांहून विचारणा होईल. श्रावण लागला की तीच हॉटेलं ओस पडतात, पितृपंधरवडाही थंड जातो, मार्गशीर्षातल्या गुरुवारी तर कोणी विचारत नाही. 2 ऑक्टोबर ड्राय डे असतो. निवडणूक असेल तर मतदान संपण्याआधीचे 48 तास दारूविक्री बंद राहते. अशा दिवशी हॉटेलवाला बँड रद्द करणारच. ते महिनाभर आधी कळलं तर ती तारीख एखाद्या लग्नाच्या संगीताला देता येते.

जागा दिवसाउजेडी बघून या

कार्यक्रमाच्या चार-पाच दिवस आधी एकजण तरी दुपारी जाऊन या. गाडी कुठे लागते, सामान मागच्या दाराने जातं का, लिफ्ट मिळेल का, विचारा. निराला बाजार किंवा कॅनॉटमध्ये शनिवारी संध्याकाळी सहाला टेम्पो उभा करायचा म्हणजे सामान उतरवण्याआधीच दोन भांडणं. त्यापेक्षा चारला पोहोचा, सामान टाका, टेम्पो मोकळा करा.

स्टेज म्हणून जो कोपरा दाखवतील तो पावलांनी मोजा. "खूप जागा आहे" याचा अर्थ पुष्कळदा "दोन टेबलं हलवली तर आहे" असा निघतो, आणि शनिवारी ती टेबलं हलत नाहीत. वेटरची स्वयंपाकघराकडची वाट तुमच्या गिटारवाल्याच्या पाठीमागून जाते का बघा. गरम सूपचा ट्रे आणि गिटारचा दांडा यांची भेट एकदा झाली की पुरे. एसीचा झोत तबल्यावर किंवा हार्मोनियमवर येत असेल तर जागा बदलून मागा. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर 42 अंश आणि आत 22. टेम्पोतून काढलेलं वाद्य थेट अशा खोलीत लावलं की पहिल्या सेटभर सूर सरकत राहतो. केस उघडून वाद्य अर्धा-पाऊण तास तसंच राहू द्या, मग लावा.

अर्थिंग तपासल्याशिवाय प्लग लावू नका

या लेखातला एकच मुद्दा लक्षात ठेवायचा असेल तर हा ठेवा. गिटारच्या तारांना हात आहे, ओठ माइकच्या जाळीला लागतात आणि दोघांच्या सॉकेटचं अर्थिंग धड नाही, अशा वेळी बसणारा झटका जीवघेणा ठरू शकतो. साधा मल्टिमीटर पिशवीत हवाच. फेज आणि न्यूट्रलमध्ये 230 व्होल्टच्या आसपास आणि न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये जवळजवळ शून्य दिसलं पाहिजे. तिथे मोठा आकडा दिसला तर हॉटेलच्या इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि तो येईपर्यंत काहीही जोडू नका. स्पीकरमधली घरघर घालवायला प्लगची तिसरी पिन मोडून टाकणारे वीर भेटतील. त्यांचं ऐकू नका. घरघर डीआय बॉक्सने किंवा सगळी साधनं एकाच ठिकाणाहून वीज घेऊन घालवता येते.

मिक्सर, कीबोर्ड आणि ॲम्प शक्यतो एकाच सॉकेटवरून, एकाच फेजवर घ्या. त्याच लाइनवर आइसक्रीमचा फ्रीझर किंवा मिक्सर-ग्राइंडर नाही ना, बारवाल्याला विचारा. वीज गेली की जनरेटर सुरू होईपर्यंतच्या दहा सेकंदांत डिजिटल मिक्सर आणि कीबोर्ड बंद पडून पुन्हा सुरू होतात, केलेलं सेटिंग उडू शकतं. एक साधा यूपीएस या दोघांपुरता ठेवा. ॲम्प आणि मोठे स्पीकर त्याच्यावर टाकू नका, तो टिकणार नाही. आणि अंधारातल्या त्या दहा सेकंदांत ढोलकीवाल्याने ठेका धरून ठेवला तर लोक टाळ्या वाजवतात, हा आमचा अनुभव.

आवाज: टेबलावरचं बोलणं ऐकू यायला हवं

मॅनेजरची सर्वांत जुनी तक्रार एकच, आवाज. गिऱ्हाइकाला वेटरशी ओरडून बोलावं लागलं की ऑर्डर कमी होते, आणि त्याचा राग बँडवर निघतो. कमी उंचीचं छत, काचेच्या भिंती आणि टाइल्सची फरशी असलेल्या खोलीत पूर्ण ड्रमसेट म्हणजे डब्यात फटाका. तिथे काहोन घ्या, ब्रश घ्या, नाहीतर इलेक्ट्रॉनिक पॅड वापरा. ड्रम कमी झाला की बाकी सगळ्यांचा आवाज आपोआप खाली येतो.

एकाच कोपऱ्यात मोठे स्पीकर लावले की पुढचं टेबल बहिरं होतं आणि मागच्या टेबलाला शब्द कळत नाहीत. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे 6 डेसिबलने घटतो. म्हणून दोनऐवजी चार लहान स्पीकर, जरा उंचावर, थोड्या थोड्या अंतरावर आणि हळू लावले तर सगळ्यांना सारखं ऐकू येतं. मॉनिटर गायकाच्या माइकच्या पाठीकडून येऊ द्या, म्हणजे शिट्टी मारणार नाही. रिकाम्या हॉलमधला साउंडचेक फसवा असतो, कारण माणसांनी भरलेली खोली आवाज पिते. पहिल्या दोन गाण्यांत एकाने मागच्या भिंतीपर्यंत जाऊन ऐकून यावं.

स्वतःच्या कानांचंही बघा. अमेरिकेतल्या नायोश या संस्थेच्या शिफारशीनुसार 85 डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास चालतो, 100 डेसिबलचा फक्त पंधरा मिनिटं. संगीतकारांसाठीचे इअरप्लग मिळतात. रात्री घरी गेल्यावर कानात शीळ वाजत असेल तर ती कौतुकाची समजू नका.

दहा वाजले की काय?

ध्वनी प्रदूषण नियम, 2000 प्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही. सूट आहे ती बंद जागेत, आतल्या आत वापरण्याला. हा फरक बँडवाल्याने पाठ करून ठेवावा: काचबंद हॉलमधला कार्यक्रम वेगळा आणि गच्चीवरचा वेगळा. गच्ची मोकळी आहे, तिथे दहा म्हणजे दहा. "स्पीकर बंद करतो, नुसता ड्रम वाजवतो" ही पळवाटही चालत नाही, कारण नियमात वाद्यांचाही उल्लेख आहे. सणासुदीला वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. ते दिवस आधी जाहीर होतात, त्यात तुमचा शनिवार आहे असं धरून चालू नका.

दहाच्या आधीही मोकळं रान नसतं. निवासी भागात दिवसाची मर्यादा 55 डेसिबल आणि रात्रीची 45, व्यापारी भागात 65 आणि 55. खासगी जागेतल्या साउंड सिस्टिमचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा 5 डेसिबलपर्यंतच जास्त चालतो. म्हणजे सिडकोतल्या निवासी भागातल्या गच्चीवर वाजवताना कंपाउंडच्या भिंतीपाशी संध्याकाळी आवाज 60 पर्यंत हवा. दोन माणसं समोरासमोर बोलतात तेवढा. त्यातच जवळ रुग्णालय, शाळा किंवा न्यायालय असेल आणि भोवतीचा 100 मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेला असेल, तर मर्यादा आणखी खाली येते. स्पीकर शेजारच्या इमारतीकडे पाठ करून लावा आणि कार्यक्रम आठला सुरू करून पावणेदहाला संपवा.

ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते, आणि लोकांच्या करमणुकीच्या जागांवर नियंत्रण ठेवण्याचे अधिकार महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 खाली शहरात पोलीस आयुक्तांकडे आहेत. ही कागदपत्रं हॉटेलवाल्यानेच काढायची असतात. तुम्ही फक्त एक फोटो मागून घ्या. "सेटिंग आहे आपली" असं उत्तर आलं तर ती तारीख सोडून द्या. पोलीस आले तर आधी माइक बंद करा, मग मॅनेजरला पुढे करा. स्टेजवरून टोमणा मारणाऱ्या गायकामुळे अख्ख्या बँडला चौकीत बसावं लागतं.

फर्माईश, नोटा आणि गायिका

आपल्या शहरात एका टेबलावर गझल मागतात, दुसऱ्यावर कोळीगीत आणि तिसऱ्यावर पंजाबी. सुरुवातीचा तास जेवणाऱ्यांचा, तेव्हा जुनी हिंदी गाणी हळू लयीत घ्या. नाचाची गाणी शेवटच्या सेटसाठी राखा. फर्माईश चिठ्ठीवर आणि वेटरमार्फत येऊ द्या. स्टेजवर चढून माइक मागणाऱ्या दादांना "पुढच्या सेटला नक्की" म्हणा आणि मॅनेजरकडे बघा. "नाही" हा शब्द बँडने उच्चारू नये, ते काम हॉटेलचं.

गायिका सोबत असेल तर जागा बघतानाच तीन गोष्टी विचारा: कपडे बदलायला कडी लागणारी खोली, स्वच्छ बाथरूम आणि रात्री घरापर्यंत जाण्याची सोय. तिला एकटीला रिक्षात बसवून बँडने सामान भरत राहायचं, हे चालणार नाही. तमाशातली दौलतजादा इथे आणू पाहणारे कधीकधी भेटतात. डान्स बारबद्दलच्या 2016 च्या कायद्याचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा 2019 च्या निकालात टीप द्यायला मुभा मिळाली, पण नोटा उधळायला मनाईच राहिली. आपलं ठिकाण डान्स बार नाही, तरी रेष तीच ठेवावी. बक्षिसी वेटरच्या हाती, बंद पाकिटात. मुंबईतल्या ऑर्केस्ट्रा बारमध्ये स्टेजवर चार बाया आणि चार पुरुष असंच प्रमाण हवं, ही परवान्यातली अटही सर्वोच्च न्यायालयाने 18 फेब्रुवारी 2022 रोजी रद्द केली. एकूण आठजणांची मर्यादा मात्र ठेवली. बाईने स्टेजवर असणं हाच गैरप्रकार मानायची सवय कायद्याने सोडली, आपणही सोडावी.

गाणं कोणाचं?

दुसऱ्याचं गाणं व्यावसायिक ठिकाणी वाजवायचं तर गीतकार-संगीतकारांच्या हक्कांचा परवाना लागतो. आपल्याकडे तो प्रामुख्याने 1969 साली स्थापन झालेल्या आयपीआरएस या संस्थेकडून घेतात. मधल्या विश्रांतीत हॉटेल रेकॉर्ड लावतं, त्या ध्वनिमुद्रणाचे हक्क वेगळे. लग्नाच्या समारंभाला कायद्यात सूट आहे, तिचा आधार शनिवारच्या पबला मिळत नाही. परवाना साधारणपणे हॉटेलने घ्यायचा. तुमच्या संदेशात तसं लिहिलेलं असलं म्हणजे झालं.

जुनं काव्य मात्र सगळ्यांचं आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी त्याच्या शब्दांवरचा हक्क संपतो. पैठणच्या नाथांची भारुडं, अठराव्या शतकातल्या सिराज औरंगाबादींच्या गझला, त्यांच्याआधीचे वली, हे सगळं आपल्याच मातीतलं आणि हक्कमुक्त आहे. अट एकच, चाल स्वतःची हवी, कारण अलीकडच्या संगीतकाराने लावलेली चाल त्याची असते. चिकन टिक्का खाता खाता मंडळी भारूड ऐकतील का, ही शंका मलाही होती. काहोनवर ठेका धरला आणि लोकांनी टेबलं वाजवली. त्या गाण्यानेच आमची वेगळी ओळख झाली.

बिदागीचा हिशेब

समजा चौघांचे मिळून 12,000 ठरले. साउंडचं भाडं 3,500, टेम्पो 1,000, तारा-सेल-चहापाणी 500. उरले 7,000, म्हणजे माणशी 1,750. दुपारी तीनला घर सोडलं, रात्री एकला परतलात, वर तीन-तीन तासांच्या दोन तालमी, असे सोळा तास. तासाला 109 रुपये पडले. हा हिशेब कागदावर मांडला की फुकटात "एक्स्पोजर" देणाऱ्याला काय उत्तर द्यायचं ते आपोआप सुचतं. त्यातूनही दर कार्यक्रमाला थोडी रक्कम बँडच्या पेटीत टाका. स्वतःचे स्पीकर झाले की भाडं वाचतं.

आगाऊ रक्कम निम्मी घ्या आणि उरलेली शेवटच्या सेटच्या आधी मागा. मध्यरात्री मालक घरी गेलेला असतो आणि गल्ल्याची किल्ली त्याच्याकडे असते. प्रत्येक कार्यक्रमाचं साधं बिल द्या, पॅन क्रमांकासह. वाळूज-शेंद्र्याच्या कंपन्यांच्या पार्ट्यांना बिलाशिवाय पैसे निघतच नाहीत. टीडीएस कापला तर तो विवरणपत्रात परत मागता येतो. वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेपर्यंत सेवेला जीएसटी नोंदणीची सक्ती साधारणपणे नसते. उद्यम पोर्टलवरची नोंदणी मोफत आहे. ती असली तर ठरलेल्या मुदतीत, फार तर 45 दिवसांत पैसे मिळण्याचा आधार कायद्यात आहे. चार शनिवार खेटे घालण्यापेक्षा त्या नोंदणीचा उल्लेख असलेलं एक नम्र स्मरणपत्र लवकर काम करतं.

कार्यक्रम संपल्यावर केबल गुंडाळा, चिकटपट्टीचे तुकडे उचला, हलवलेली खुर्ची जागेवर ठेवा, आणि ज्या वेटरने तुम्हाला रात्रभर पाणी आणून दिलं त्याचं नाव घेऊन आभार माना. त्याच्या शिफारशीवर आम्हाला दोन ठिकाणची कामं मिळाली आहेत. सगळं सामान टेम्पोत चढलं की मॅनेजरला भेटायला एकाने वर जावं आणि दोनच प्रश्न विचारावेत: आवाज ठीक होता का, आणि पुढची तारीख कोणती?